गाडी छान आहे तुमची

गाडी जमिनीला चिकटून चालली पाहिजे, असं एकदा एखाद्याच्या डोक्यात बसलं की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जावयाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. तसा माणूस साधा. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा, वेळेवर घरी यायचा, बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. खोड एकच, गाडी. जुनीच होती, पण तिला असा काही पुसायचा की बायको म्हणायची, सवत आणून ठेवलीय माझ्या दारात. ती कामासाठी दोन महिने दुसऱ्या गावी गेली आणि ह्या पठ्ठ्याने पहिलं काय केलं असेल, तर गाडीला कॉइलओव्हर बसवून घेतले.

कॉइलओव्हर म्हणजे काही जादू नाही. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच दांड्यावर, आणि स्प्रिंगच्या खाली आटे असलेली एक चकती. चकती फिरवली की गाडी वर येते नाहीतर खाली बसते. शिवाय वरच्या टोकाला एक नॉब, तो फिरवला की कडक किंवा मऊ. जावयाने गाडी चांगली तीन बोटं खाली घेतली. चाक आणि त्याच्या वरची कमान यांच्यातली फट दिसेनाशी झाली. गॅरेजवाला उस्ताद त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो हात पुसत म्हणाला, "आता बघ, नजर लागेल हिला." जावई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर त्याचे दात दातांवर आपटले. "स्पोर्टी आहे," तो स्वतःशीच म्हणाला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण दात असतात की!

आता ह्या गाडीत मागे बसायचं कोणी? सासऱ्यांनी.

सासरे म्हणजे मास्तर. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्यावर शिट्टी गळ्यातून गेली ती आवाजात येऊन बसली. शेजारी असो, दूधवाला असो, इमारतीचा अध्यक्ष असो, सगळ्यांना अरे-तुरे आणि वरून खडे बोल. एवढ्या मोठ्या जगात त्यांनी एकाच माणसाला कधी आवाज चढवून हाक मारली नव्हती, तो जावई. त्याला अहो-जाहो. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, दोघं एका घरात राहत होते, तरी दारात समोरासमोर आले की "आधी तुम्ही," "छे छे, आधी तुम्ही" असं चालायचं. जावयाची बायको, म्हणजे मास्तरांची लेक, कंटाळून दोघांच्या मधून निघून जायची.

तर गाडीच्या ह्या उद्योगाआधी हे मास्तर इमारतीमागच्या मैदानात पोरांना लांब उडी दाखवायला गेले. "अशी नाही रे गधड्यांनो, अशी मारतात," म्हणाले आणि मारली. ह्या वयात! उडी झकास झाली, उतरणं चुकलं. खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घालून, स्क्रू मारून ते जोडलं. फिजिओथेरपीच्या बाई फटकळ होत्या. त्यांनी तोंडावर सांगितलं, "आठवड्यातून तीनदा यायचं म्हणजे यायचं. आत्ता हयगय केलीत तर सांधा जिथे अडकेल तिथे अडकला, मग वॉकर जन्माचा." लेक दुसऱ्या गावी जायला तयार नव्हती. मास्तरांनीच तिला ढकललं. "मी काय लहान आहे का? मजेत आहे मी. जा तू." जाताना ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मी येईपर्यंत त्यांना चालतं कर." नवऱ्याने छातीवर हात ठेवून हो म्हटलं, आणि पुढच्याच आठवड्यात गाडी उस्तादकडे सोडली. काय म्हणावं ह्याला!

मास्तर मागे डावीकडे बसायचे. पुढे बसा म्हटलं तर "तुमच्या गिअरला माझा गुडघा लागायचा" म्हणायचे. नव्या गाडीतून पहिल्यांदा उतरले तेव्हा जावयाने विचारलं, "बाबा, कशी वाटली?" मास्तर दाराला धरून उभे होते. कपाळावर घाम होता. म्हणाले, "गाडी छान आहे तुमची."

मग "आज नको" सुरू झालं. एक दिवस अंग जड होतं. एक दिवस पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. एकदा म्हणाले, "घरीच करतो की व्यायाम, मला काय शिकवताय पी.टी.?" आणि लगेच जीभ चावून, "म्हणजे तुम्हाला नाही, त्या बाईंना म्हणतोय." फिजिओच्या बाईंचा फोन आला. "पाय महिन्यापूर्वी होता त्याच्याही मागे गेलाय. तुम्ही घरचे करताय काय?" रात्री बायकोने फोनवर विचारलं, बाबा कसे आहेत, तर तो म्हणाला, "मजेत." दुसरं काय सांगणार?

पुढच्या वेळी कसंबसं पटवून त्याने मास्तरांना गाडीत बसवलं आणि रस्त्यावर एका खड्ड्यापाशी सहज आरशात पाहिलं. मास्तरांनी दारावरचं कडं दोन्ही हातांनी धरलं होतं, अंग सीटवरून उचललं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. खड्डा गेला तसे ते अलगद खाली टेकले. डोळे उघडले, आरशात जावयाची नजर दिसली आणि मास्तर चक्क हसले. त्या हसण्याने जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस व्यायाम चुकवत नव्हता, ह्याची गाडी चुकवत होता.

त्याच दिवशी तो उस्तादकडे गेला. "काहीतरी चुकलंय. काढून टाकू आणि जुनं बसवू."

"जुनं मी भंगारात दिलं," उस्ताद म्हणाला. "आणि कॉइलओव्हर म्हणजे कडक असायचेच. गादीवर बसायचं होतं तर घरी बसायचं." तरी दोस्त तो दोस्त. त्याने चारी नॉब मऊकडे फिरवले. टायरमधली हवा जास्त होती, ती कमी केली. जावयाने चक्कर मारली, त्याला बरी वाटली. मास्तरांना नेलं आणि विचारलं, "आता कशी आहे?"

"उत्तम!"

नॉब आणखी मऊ केले. "आता?"

"फारच उत्तम!"

आता ह्यावर काय करायचं? गाडीचं दुखणं शोधायचं तर ज्याला लागतं त्याने बोललं पाहिजे, आणि इथे ज्याला लागत होतं त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही असं ठरवलेलं. जावयाला गाडी पुढून कळायची. मागच्या डाव्या चाकावर बसलेल्या, खुब्यात सळई असलेल्या माणसाला ती कशी लागते, हे त्याला कुठून कळणार? पुढे बसून मागच्याचं दुखणं ओळखायला गेला होता शहाणा.

उत्तर सापडलं ते दुकानात. एक गृहस्थ तक्त्यासमोर बसले होते. बरोबर आलेल्या त्यांच्या सुनेने विचारलं, "दिसतंय ना, मामा?" आणि मामा ठणकावून म्हणाले, "स्वच्छ!" तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगच नव्हतं. जावई हसला आणि हसता हसता थांबला. दिसतंय का, हा प्रश्न त्याच्या धंद्यात कुणी विचारत नाही. विचारला की गिऱ्हाईक हो म्हणतं. डोळे तपासायला येतं आणि परीक्षेला बसल्यासारखं वागतं. म्हणून दोन भिंगं आलटून पालटून पुढे धरायची आणि विचारायचं, हे बरं की हे? मग माणसाला भिडेखातर हो म्हणायला जागाच राहत नाही. हे तो दिवसभर करायचा आणि घरी येऊन सासऱ्यांना विचारायचा, कशी वाटली. अक्कल दुकानात ठेवून यायचा म्हणा ना.

सुट्टीच्या सकाळी त्याने मास्तरांना गाडीत बसवलं. गॅरेजसमोरचा रस्ता निवडला. दोन गतिरोधक आणि मध्ये पाइप टाकायला खोदलेला, धड न बुजवलेला चर. एक फेरी मऊ नॉबवर मारली, मग उस्तादला नॉब कडक करायला लावून दुसरी मारली.

"बाबा, पहिली फेरी बरी की दुसरी?"

"दोन्ही चांगल्या."

"दोन्ही चालणार नाही. एकच सांगा."

मास्तर अडकले. खिडकीबाहेर बघितलं, घसा खाकरला. जावयाच्या गाडीतलं काहीतरी वाईट आहे असं म्हटल्याशिवाय दुसरं चांगलं म्हणता येत नव्हतं. शेवटी अगदी हळू म्हणाले, "पहिली. किंचित."

किंचित का होईना, खरं निघालं! जावयाला एवढा आनंद झाला की तिसऱ्या फेरीला तो आरशात मास्तरांचा चेहराच बघत राहिला, आणि चर आला तो त्याला दिसलाच नाही. गाडी धाडकन आत गेली आणि धाडकन बाहेर आली.

"अरे गाढवा!" मागून आवाज आला, तोच जुना, मैदानभर ऐकू जाणारा. "डोळे आहेत की बटणं? जगाचे डोळे तपासतोस आणि तुला एवढा चर दिसत नाही? जीव घेतोस का माझा?"

गाडी थांबली. उस्ताद गॅरेजच्या दारातून बघत होता, तो तिथेच उभा राहिला. मास्तरांचं तोंड पांढरं पडलं होतं. "माफ करा," ते पुटपुटले, "माझ्या तोंडून... तुम्ही जावई, आणि मी..."

जावई सीटवर मागे वळून बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीही. "नाही, माफी नको. पुढे बोला. शिव्या द्या, पण सांगा. नेमकं काय झालं? कसं लागलं?"

मास्तर म्हणाले, "खरंच सांगू?"

"खरंच."

"तर ऐक. बारीक खडी असते ना, ती नुसती कुरकुर करते, ते मी सोसतो. मोठा खड्डा आला की आधी काहीच लागत नाही. वाटतं, गेला. आणि मग एकदम खालून कुणीतरी दगड मारतं. स्प्रिंग दबते असं वाटतच नाही मला. थेट दगड. अन् तो फक्त मागून येतो. गेले तीन आठवडे मी त्या दगडावर बसलोय, गाढवा."

दुसऱ्यांदा आलेलं गाढवा जरा प्रेमाचं होतं. जावई गाडी घेऊन थेट गॅरेजात शिरला.

मागचं चाक काढलं. उस्तादने बॅटरी मारून आत पाहिलं आणि तोंडाने च् च् केलं. शॉकअब्सॉर्बरच्या दांड्यावर रबराचा एक ठोकळा असतो. चाक फारच वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो शेवटचा आधार. तो ठोकळा चेपून पार चपटा झाला होता आणि त्याच्या कडा झिजून चकाकत होत्या. रुबाबासाठी चकती फिरवून गाडी इतकी खाली घेतली होती की चाकाला वर यायला जागाच उरली नव्हती. मागे माणूस बसला की गाडी जवळजवळ त्या ठोकळ्यावरच टेकायची. स्प्रिंग बिचारी नुसती नावाला. नॉब किती का फिरवा, दगड तो दगडच राहणार होता.

"तीन बोटं," उस्ताद म्हणाला. "मी तुला दोन म्हणालो होतो."

"तू म्हणालास, नजर लागेल."

"तेही म्हणालो." उस्तादने मान खाजवली. मग जरा ओशाळून म्हणाला, "आणि ती कुरकुर म्हणतात ना ते, ती माझी. मागचं चाक ज्या दांड्यांनी गाडीला जोडलेलं असतं, त्या आर्मचे बोल्ट मी गाडी लिफ्टवर टांगलेली असताना आवळले. चाकं लोंबकळत होती. गाडी खाली आली आणि सांध्यातली रबरं पिळून बसली. पिळलेलं रबर काय सुखाने हलणार? ते बोल्ट गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना आवळायचे असतात. घाई केली मी."

चकत्या उलट फिरवून गाडी वर घेतली. मग ती जमिनीवर उभी करून ते बोल्ट सैल केले. कुठेतरी धप् झालं, गाडी किंचित हलली आणि नीट बसली. तशीच उभी असताना उस्तादने बोल्ट पुन्हा आवळले. चाकाच्या वर मोठी फट दिसायला लागली. गाडी आता कुणाची नजर लागावी अशी अजिबात दिसत नव्हती. जावयाने रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं नाही.

मास्तर इतका वेळ खुर्चीवर बसून उस्तादला सूचना देत होते, पाना असा धर, पाठ वाकवू नकोस. आता तिघंही गाडीत बसले. पहिला गतिरोधक आला आणि गेला. खडी आली, नुसती आवाज करून गेली. चर आला. गाडी खाली गेली, वर आली, आणि झालं. उस्तादने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

"बाबा, आता?"

"काही नाही. गाडीत काही उरलं नाही. झकास."

पण मास्तरांचे हात अजून कड्यालाच होते आणि चेहरा तसाच ओढलेला. जावयाने ते आरशात पाहिलं. ह्या वेळी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि मग विचारलं, "मग धरलंय कशाला?"

उस्तादला काहीतरी आठवलं, तो उतरून टायर बघायला गेला.

"दुखतं," मास्तर म्हणाले.

"गाडी बरी झाली तरी?"

"गाडीच्या आधीपासून दुखतं रे. छकुली गेली त्याच्याही आधीपासून." मुलीचं घरातलं नाव त्यांनी जावयासमोर कधी घेतलं नव्हतं. "पाय टेकला की आत काहीतरी टोचतं. मला वाटलं, बोललो तर ती जायची नाही. इतकी वर्षं वाट बघून मिळालेलं काम तिचं. मग तू गाडी आपटायला लागलास. म्हटलं, बरं झालं, आता दोष द्यायला गाडी मिळाली. पण तुला दोष द्यायची लाज वाटायला लागली. मग आज नको, उद्या नको. आता तू ती नीट केलीस. आता मी काय सांगू?"

जावयाला राग आला होता, मास्तरांचा आणि स्वतःचाही, आणि त्याहून जास्त भीती वाटली होती. मग त्याने उस्तादला आत घेतलं, गॅरेजपाशी उतरवलं आणि गाडी थेट इस्पितळात नेली.

डॉक्टर मास्तरांचाच विद्यार्थी. त्याने एक्स-रे उजेडासमोर धरला. एक स्क्रू सुटून मागे सरकला होता आणि त्याचं डोकं मांसात रुतत होतं. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणार होती. "आत्ता आलात म्हणून ठीक. हाड अजून हललेलं नाही. स्क्रू बदलला, नीट व्यायाम केलात, की चालाल. आणखी महिनाभर असेच राहिला असतात तर मी काही बोलू शकलो नसतो." मग फिल्म खाली ठेवून म्हणाला, "सर, इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

मास्तर म्हणाले, "शाळेत तुझा पाय मुरगळायचा तेव्हा मी काय म्हणायचो?"

"ऊठ, काही झालं नाही, म्हणायचात."

"मग झालं तर."

"माझा तो घोटा थंडीत अजून दुखतो, सर," डॉक्टर म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या पायाकडे बघितलं. "कुठला? डावा ना?" एवढंच विचारलं.

बाहेर बाकावर बसल्यावर जावयाने बायकोला फोन लावला. ती उचलेपर्यंत त्याने मनात वाक्यं जुळवली आणि तिने उचलल्याबरोबर ती भराभर म्हणून टाकली. "काही नाही गं, सगळं ठीक आहे. सहज फोन केला. बाबांना दाखवायला आणलं होतं, किरकोळ आहे, एक छोटासा स्क्रू आहे तो जरा... तू काळजी करू नकोस, तुझं काम चालू दे, मी आहे ना..."

मास्तरांनी शेजारून हात लांब केला आणि फोन त्याच्या कानापासून ओढून घेतला.

"छकुले, खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली, कारण आवाज हळू करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "माझ्या तालमीत तयार झालाय. परत कापणार आहेत मला. दुखतंय फार, आणि मला भीती वाटतेय. तू ये."

मास्तर फोन कानाला लावून वाट बघत राहिले. दुसऱ्या हाताने त्यांनी जावयाचं मनगट धरलं होतं, अगदी घट्ट.

"कधी नव्हे ते खरं बोललात," ती शेवटी म्हणाली. ती रडत होती. "निघाले मी."